गुप्त्यांच्या परवानगीने दिवाळी

गुप्त्यांनी एका दिवाळीत माझ्या सासूबाईंना फुलबाजी पेटवल्याबद्दल लेखी ताकीद दिली होती. लेखी म्हणजे अगदी लेखी. फुलस्केपच्या अर्ध्या कागदावर, डावीकडे समास सोडून, खाली तारीख आणि सही. सासूबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या. पदर न खोचता त्यांनी पटांगणात एक फुलबाजी हातात धरली, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे तो कागद मोठ्याने वाचून दाखवायची पाळी माझ्यावर, म्हणजे त्यांच्या जावयावर आली. "आपल्या वयाचा व नात्याचा मान राखून कळवण्यात येते की" इथपर्यंत त्या कौतुकाने ऐकत होत्या. त्यांना वाटलं, मानपत्र आहे. पुढचं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्या भावाकडे निघून गेल्या. पुढची दोन वर्षं दिवाळीला त्या आमच्याकडे फिरकल्या नाहीत. त्याचं खापर आमची ही अजून माझ्यावर फोडते. म्हणते, तुम्ही एवढ्या खणखणीत आवाजात वाचायची काय गरज होती?

आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

आम्ही ठाण्याला कोपरीत राहतो. चाळ एकमजली, बिऱ्हाडं आठ, मध्ये पटांगण, पटांगणाच्या टोकाला विहीर. विहिरीपलीकडे नुसती मिठागरं आणि बाजूला गवळ्याचा गोठा. गुप्त्यांची खोली आमच्या खोलीला लागून. मधली भिंत इतकी पातळ की पेपर तपासताना मी एखाद्या पोराला उद्देशून "गाढव" म्हटलं, तर पलीकडून "कोण?" असं विचारलं जातं. मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून गुप्ते मला मास्तर म्हणतात. ते स्वतः सरकारी कचेरीत परवान्यांच्या टेबलावर कारकून. बंदुकीचा परवाना, तमाशाचा परवाना, मिरवणुकीचा परवाना, दारूकामाचा परवाना. तीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांचे अर्ज वाचतो आहे. बायको लग्नानंतर दीड वर्षात विषमज्वराने गेली. मूलबाळ नाही. दुसरं लग्न केलं नाही. सकाळी स्टोव्हवर पिठलंभात, संध्याकाळी खाणावळ, आणि मधल्या वेळात आमचं डोकं.

त्यांचं एक वाक्य चाळीतल्या पोपटालासुद्धा पाठ आहे. "नियम मी केलेला नाही, मी फक्त वाचलेला आहे." हे ते इतक्या नम्रपणे म्हणतात की अंगाचा तिळपापड होतो. एकदा पटांगणात नंदीबैलवाला आला. गुप्त्यांनी त्याला विचारलं, ढोलकं वाजवायची परवानगी आहे का? त्याने सवयीप्रमाणे बैलाला विचारलं आणि बैलाने होकाराची मान डोलवली. आम्ही सगळे हसलो. गुप्ते हसले नाहीत. "याचं तोंडी चालणार नाही," म्हणाले.

वर्षाचे अकरा महिने तरी हा माणूस सोसता येतो. पण नवरात्र संपलं की त्यांच्या अंगात काहीतरी संचारतं. कचेरीतून येताना ते चुन्याची पुडी आणतात आणि पटांगणाच्या मधोमध दोरी धरून रेघ मारतात. रेघेपलीकडे फटाका, रेघेअलीकडे माणूस. पेटवायला जाईल तो एकटा जाईल, बाकीचे अलीकडे उभे राहतील. रेघेशेजारी पाण्याच्या दोन बादल्या, वाळूचं एक घमेलं आणि भिजवलेलं गोणपाट. फटाका हाताने पेटवायचा नाही. लांब वेळूच्या टोकाला उदबत्ती बांधलेली असते, ती न्यायची. तोंड बाजूला, गुडघे वाकलेले, पाय परतीच्या दिशेला. बाण असेल तर बाटली वाळूत रोवायची आणि त्याचं तोंड मिठागरांकडे करायचं, कारण दुसरीकडे गवळ्याचं गवत आहे. आणि माल फक्त परवानावाल्या दुकानातला. पावती दाखवायची. लवंगीच्या एका माळेसाठी पावती मागणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? आम्ही दरवर्षी पाहतो.

त्यांचं खरं वैर मात्र नव्या कपड्यांशी. दिवाळी म्हणजे नवे कपडे, हे लहान पोरालाही कळतं. गुप्ते म्हणणार, फराळाला नवे, फटाक्याला जुने. तेही सुती. शिवाय खिशात फटाके ठेवायचे नाहीत म्हणून सगळ्यांनी खिसे उलटे करून बाहेर काढायचे. आमच्या चाळीतली पोरं चार दिवस फाटक्या चड्ड्या घालून, दोन्ही बाजूंना अस्तरं लोंबकळत हिंडायची. एका वर्षी माझा साडू सहकुटुंब फराळाला आला होता. त्याने निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, पगार वेळेवर होतो ना?

आणि तो न उडालेला फटाका. त्याची गोष्ट मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रेघेपलीकडे काहीतरी पेटायचं राहिलं. गुप्त्यांनी जाहीर केलं की न उडालेला फटाका उडालेल्यापेक्षा जास्त जिवंत असतो, आणि स्टूल टाकून पहाऱ्याला बसले. पटांगण बंद. करंज्यांची ताटं घेऊन निघालेल्या बायका जिन्यात खोळंबल्या. गवळ्याची म्हैस धारेसाठी रेकत राहिली, पण गवळ्याला वाट नाही. पाऊण तासाने त्यांनी वेळूने ती वस्तू ढकलली, तर कुणीतरी टाकलेली चिवड्याची पुडी निघाली. मग तरी शरमावं की नाही? त्यांनी शांतपणे तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि मगच पटांगण मोकळं केलं.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? या माणसाच्या राज्यात आमच्या चाळीत कुणाचं बोटसुद्धा भाजलं नाही. मागच्या आळीत दरवर्षी काही ना काही व्हायचं. कुणाची भुवई जायची, कुणाचं धोतर. आमच्याकडे काही नाही. इतक्या बरोबर असलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

चाळीत त्यांचं मनापासून ऐकणारं माणूस एकच होतं, ती आमची कुसुम. आमची एकुलती एक. लहानपणी तिचा अर्धा दिवस गुप्त्यांच्या खोलीत जायचा. मला पेपर तपासायला शांतता मिळायची म्हणून मीही हाक मारायचो नाही. भुईनळा कसा पेटवायचा हे तिला त्यांनीच शिकवलं. बाकीची पोरं त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायची. ही मात्र न सांगता परकराचा घोळ आवरून घ्यायची आणि "काका, जाऊ?" असं विचारूनच रेघ ओलांडायची.

कुसुमचं लग्न वैशाखात झालं. स्थळ कल्याणचं, घराणं प्रधानांचं. मुलगा वसंत सालस, रेल्वेत नोकरीला. त्याची आई मात्र कडक. लग्नात गुप्ते पहाटेपासून राबले, हे मी कबूल करतो. पंगतीत वाढलं, पाहुण्यांच्या चपला सांभाळल्या, भटजींना पळी सापडत नव्हती ती शोधून दिली. पण संध्याकाळी वरात निघायची वेळ झाली. मी दारूकामवाला ठरवला होता. तो डोक्यावर पेटी घेऊन आला, आणि हा गृहस्थ काळा कोट घालून त्याच्यापुढे उभा. परवाना? तो म्हणाला, घरी आहे. गुप्ते म्हणाले, घेऊन या, आम्ही थांबतो. त्या माणसाने पेटी उचलली आणि गेला तो गेलाच. अर्धा तास वरात रस्त्यात उभी. शेवटी बँड आणि गॅसच्या बत्त्या, एवढ्यावर माझी मुलगी सासरी गेली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

विहीणबाईंनी ते मनात धरलं. आल्यागेल्याला सांगायच्या, आमच्या घरी सून आली हे आळीला दुसऱ्या दिवशी कळलं. मंगळागौरीला तेच, नारळीपौर्णिमेला तेच. कुसुम पत्रात कधी तक्रार करायची नाही. पण एका पत्रात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, बाबा, आपल्याला तेव्हा खरंच जमण्यासारखं नव्हतं का? असं इथे विचारतात. ते वाचून हिने डोळ्याला पदर लावला. मी तडक शेजारी गेलो. म्हटलं, गुप्ते, तुमच्या त्या परवान्यापायी माझ्या पोरीला उठता-बसता ऐकून घ्यावं लागतंय. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "असं त्या लिहून कळवतात का?" मी त्यांचं दार इतक्या जोरात लावलं की आमच्याकडचं कॅलेंडर पडलं. त्यानंतर दोन महिने मी त्यांच्याशी बोललो नाही.

आता दिवाळसण आला. लग्नानंतरची पहिली दिवाळी, जावई घरी. वसंतराव आणि कुसुम धनत्रयोदशीला येणार होते आणि पाडव्याला संध्याकाळी विहीणबाई स्वतः जेवायला येणार होत्या. मी मनाशी ठरवलं, या वेळी दारूकाम असं करायचं की ते कल्याणला जाऊन त्यांनीच सगळ्यांना सांगावं. कुसुमच्या डोक्यावरचं ते ओझं एकदाचं उतरवायचं. आणि या कानाचं त्या कानाला, म्हणजे गुप्त्यांच्या कानाला, कळू द्यायचं नाही.

दुकानातून आणलं असतं तर पावती, पावती आली की चौकशी, चौकशी आली की रेघ, आणि मग एकेक भुईनळा तासाभराने. शिवाय दुकानातले भुईनळे केवढे, मुठीएवढे. मला मोठे हवे होते. आमच्या शाळेचे ड्रिलमास्तर डोंबिवलीचे. ते म्हणाले, मानपाड्याकडे एक म्हातारा गावच्या जत्रेसाठी दारूकाम करतो, त्याच्याकडे लोटक्याएवढे भुईनळे मिळतील. परवाना वगैरे? ड्रिलमास्तर म्हणाले, त्याच्या आज्यालाही नव्हता. मी गेलो. म्हाताऱ्याने टोपलीभर भुईनळे काढून दिले आणि सांगितलं, "वली हाय रं थोरी. उन्हात घाल दोन दिस." दारू ओली म्हणजे पंचाईत, पण म्हटलं, दोन दिवसांचं तर ऊन दाखवायचं.

येताना आगगाडीत ती टोपली मांडीवर, वर दुधीभोपळे आणि पालेभाजी. समोरच्या माणसाने विडी काढली. मी त्याला म्हटलं, अहो, विझवा ती. तो म्हणाला, का? मी म्हटलं, नियम आहे. तो म्हणाला, कुठला? आणि माझ्या तोंडून काय निघावं? मी केलेला नाही, मी फक्त वाचलेला आहे. स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटलं.

पुढचे तीन दिवस ऊन पडलंच नाही. परतीचा पाऊस असा लागला की वाळत घातलेली पापडी उचलावी लागली, तिथे भुईनळ्यांचं काय घेऊन बसलात. धनत्रयोदशीला मुलगी-जावई आले तेव्हा टोपली माझ्या खाटेखाली होती आणि माझा जीव त्या टोपलीत. आमच्या मागच्या पडवीत न्हाणीच्या दाराशी पाणी तापवायचा बंब आहे. तांब्याचा, जुना. विझवला तरी कितीतरी वेळ त्याच्या पाठीमागे उबदार राहतं. ओले मोजे आम्ही तिथेच वाळवतो. संध्याकाळी मी टोपली गोणपाटात गुंडाळून बंबामागे सरकवली. विझलेल्या बंबाची धग ती केवढी? पहाटे चारला उठायचं, हिच्या आधी, आणि टोपली काढून घ्यायची, असा माझा बेत. भूगोलाचा मास्तर आहे मी. सूर्य कधी उगवतो हे पोरांना शिकवतो. आपली बायको कधी उठते हे मात्र मला शिकता आलं नाही.

नरकचतुर्दशी. जावयाचं पहिलं अभ्यंगस्नान म्हणून ही साडेतीनलाच उठली आणि तिने बंब पेटवला. सणाचा म्हणून जाळही मोठा केला. मला जाग आली ती वासाने नव्हे, आरडाओरड्यानेही नव्हे, तर भिंतीवरच्या धडकांनी. पलीकडून गुप्ते दोन्ही मुठींनी भिंत बडवत होते. "मास्तर, गंधक! तुमच्याकडे गंधक आहे!" मी धडपडत उठलो तोवर ते मागच्या दाराने पडवीत शिरले होते. अंगात गंजीफ्रॉक, हातात पाणी टपकणारं गोणपाट.

बंबामागून धूर येत होता. न्हाणीच्या दाराशी वसंतराव पंचा नेसून पाटावर बसलेले, अंगाला तेल, तोंडाला उटणं. कुसुम तबक घेऊन त्यांच्या शेजारी उभी. त्यांच्यापासून टोपली फार तर चार हात. मी नुसता बघत राहिलो. हे लिहायला लाज वाटते, पण पाय हललेच नाहीत. गुप्त्यांनी कुसुमला एका हाताने मागे लोटलं, टोपली ओढून गोणपाटाखाली पोटाशी धरली आणि धावत सुटले. पटांगणात दिवे लागलेले, पोरं तेल लावून उभी. ते ओरडत होते, "रेघेअलीकडे व्हा." आणि काय सांगू, पोरं झाली. इतक्या वर्षांची सवय. एकजात सगळी रेघेअलीकडे. गुप्त्यांनी रेघ ओलांडली, तोच टोपलीतला एक भुईनळा पेटला. त्यांनी टोपली सोडली नाही. विहिरीच्या कठड्यापर्यंत नेली आणि आत टाकली. जाता जाता आणखी दोन उसळले आणि विहिरीतून सोनेरी फवारा पार वर आला.

वसंतराव पंचा सावरत बाहेर आले होते. त्यांना वाटलं, हे सगळं त्यांच्यासाठीच ठरवलेलं आहे. "वा, वा," ते म्हणाले, "सुरेख." उटण्याखालून त्यांचा चेहरा अगदी प्रसन्न दिसत होता.

गुप्त्यांचा उजवा हात तळव्यापासून मनगटापर्यंत भाजला होता. ही शाईची दौत घेऊन धावली, वरची काकू तूप घेऊन आली. गुप्त्यांनी दोघींना थोपवलं आणि हात बादलीतल्या पाण्यात घालून बसले. शाई नाही, तूप नाही, फक्त गार पाणी, असं ओठ दाबून आम्हांला समजावत होते. आम्ही भाजलेल्या माणसाकडून भाजण्यावरचं व्याख्यान ऐकत होतो. मग त्यांनी मला विचारलं, माल कुठून आणलात? मी खाली मान घातली. ते म्हणाले, "मला विचारणं भाग होतं, म्हणून विचारलं. तुम्ही उत्तर द्यावं असं काही नाही." मी आत जाऊन खाटेवर बसलो. माझी पोर आणि जावई चार हातांवर होते, हे पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत होतं. हिने मला एक शब्द सुनावला नाही, त्यावरून ती किती घाबरली होती ते मला कळलं.

झालं. दारूकाम विहिरीत. पाडव्याला विहीणबाई येणार आणि पुन्हा तेच. आता तर वरातीला नव्हतं आणि दिवाळसणालाही नव्हतं, असं दुहेरी ऐकावं लागणार. कुसुमने मला समजावलं, बाबा, असू दे, मला सवय झाली आहे. त्या "सवय झाली आहे"ने मला जेवण गेलं नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी विहीणबाई आल्या. चहा झाला, फराळ झाला, आणि त्यांनी पटांगणाकडे बघत हळूच विचारलं, तुमच्याकडे शांतताच असते वाटतं सणालासुद्धा? तेवढ्यात दारात गुप्ते. काळा कोट, काळी टोपी, उजवा हात बँडेजमध्ये गळ्यात अडकवलेला. त्यांनी विहीणबाईंना वाकून नमस्कार केला आणि सांगितलं की दिवाळसणाचं दारूकाम ठीक सात वाजता सुरू होईल, आपली खुर्ची रेघेअलीकडे मांडली आहे. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

बाहेर खरंच सगळी मांडामांड होती. परवानावाल्या दुकानातली नवी कोरी खोकी, वर पावती टोचलेली. भुईनळे, चक्रं, बाणांसाठी वाळूत रोवलेल्या बाटल्या. पटांगणात चाळीतली पोरं खिसे उलटे करून रांगेत उभी. मी गुप्त्यांना गाठून विचारलं, आधी का नाही सांगितलंत? माझ्या डोक्याला एवढा ताप झाला नसता. ते म्हणाले, मंजुरी कालच हातात आली, मंजुरीआधी सांगणं म्हणजे अफवा पसरवणं. मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, अहो, स्वतःच्या चाळीत मंजुरी कसली? तर म्हणे, पटांगण आठ बिऱ्हाडांच्या वहिवाटीचं, म्हणजे सार्वजनिक. आता बोला.

पण हात तर भाजलेला. पेटवणार कोण? गुप्त्यांनी डाव्या हाताने वेळू उचलला आणि कुसुमपुढे धरला. ती पाडव्याची म्हणून शालू नेसली होती. "रेशमी नको," ते म्हणाले. विहीणबाईंच्या देखत माझी मुलगी आत गेली आणि साधं सुती लुगडं नेसून आली. विहीणबाईंच्या भुवया वर गेल्या. गुप्ते त्यांच्याकडे वळून म्हणाले, आपणही पदर खोचून घ्यावा, वारा आहे. मी डोळे मिटले. मला माझ्या सासूबाई आठवल्या. डोळे उघडले तर विहीणबाई पदर खोचत होत्या. अशा माणसापुढे कुणाचंच काही चालत नाही, तिथे त्यांचं काय चालणार.

कुसुमने विचारलं, "काका, जाऊ?" आणि ती गेली. तोंड बाजूला, पाय परतीच्या दिशेला. पहिला भुईनळा गच्चीच्या कठड्याएवढा उंच गेला. मग दुसरा, तिसरा. चक्रं रेघेपर्यंत येऊन परत फिरायची. बाण एकामागून एक मिठागरांवर जाऊन फुटत होते आणि खाली साठलेल्या पाण्यात पुन्हा दिसत होते. वसंतराव पोरांबरोबर टाळ्या वाजवत होते. विहीणबाई आधी ताठ बसल्या होत्या, मग पुढे झुकल्या, मग शेजारच्या काकूंना म्हणाल्या, "आमची सून बघा कशी पेटवते. आमच्याकडे कुणाची छाती होत नाही." आमची सून. हिने माझा हात घट्ट धरला. इतक्या महिन्यांनी माझ्या पोरीकडे त्या घराने कौतुकाने बघितलं होतं.

मला गुप्त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण इतक्या दिवसांच्या रागानंतर सुरुवात कुठून करावी ते सुचेना. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. शेजारच्या खांबावर त्यांनी मंजुरीचा कागद टाचणीने लावला होता, कुणीही पाहून खात्री करून घ्यावी म्हणून. खाली कंदील. काहीतरी करायचं म्हणून मी तो वाचायला लागलो. अर्जाची तारीख मी त्यांचं दार आपटलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. अर्जदाराचं नाव त्यांचं. समारंभाचं कारण, दिवाळसण. कोणाचा, तर कुसुमचा. त्यापुढे रकाना होता, अर्जदाराशी नाते. त्यात त्यांच्या त्या गोल, सुबक अक्षरात एकच शब्द होता. मुलगी.

मी तो दोनदा वाचला. या माणसाने आयुष्यात कुठल्या फॉर्मवर स्वल्पविरामसुद्धा खोटा लिहिलेला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

मी हळूच म्हटलं, "गुप्ते, नात्याच्या रकान्यात चूक झाली आहे."

त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही. ते कुसुमकडे बघत होते. ती नवा भुईनळा ठेवून मागे सरत होती.

"चूक नाही, खोटं आहे," ते म्हणाले. "तीस वर्षं लोकांनी भरलेला तो रकाना वाचतो आहे, मास्तर. मला एकदा स्वतः भरून बघायचा होता."

मी म्हटलं, तसाच राहू द्या. त्यांनी मान डोलावली. समोर भुईनळा पेटला, आणि कुसुमने रेघेअलीकडे येऊन आम्हां दोघांकडे पाहिलं. नीट पेटला ना, हे तिला विचारायचं होतं. मी उत्तर दिलं नाही. त्यांना देऊ दिलं.